खाडीनं नेलेली नावं

माझ्या धाकट्या भावाची, सितारामची मुलगी केशर शाळेच्या मैदानावर पळता पळता पडली, ते साल एकोणीसशे ब्याऐंशी. शर्यत होती, ती सगळ्यांच्या पुढं होती आणि एकाएकी तोंडघशी पडली. मास्तरांनी पाणी मारलं. कोणी कांदा हुंगवला, कोणी चप्पल. मिनिटभरानं तिनं डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं, तर माझा नंबर आला का.

गावात ही गोष्ट बरेच दिवस हसून सांगत होते. ठाण्याच्या डॉक्टरनं फिट म्हणून गोळ्या दिल्या. त्या चालू असतानाही ती दोनदा पडली. एकदा बैल मागं लागला तेव्हा, एकदा नळावर भांडण झालं तेव्हा. मग सिताराम तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. तिथं स्मिता नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी केशरच्या छातीला तारा लावून कागद काढला, टोकदार कंपास घेऊन त्यावरचे चौकोन मोजले आणि सांगितलं, ही फिट नाही. डोक्यात काही बिघाड नाही. हे हृदयाच्या ठोक्याचं दुखणं आहे आणि ते घराण्यातून येतं.

सितारामनं हे मला सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. आम्ही आगरी माणसं. आमचं गाव ऐरोलीच्या बाजूला, अगदी खाडीला लागून. बापजाद्यांनी मिठागरं केली. मी स्वतः बेचाळीस वर्षांचा होईपर्यंत उन्हात मीठ ओढलं. पुढं नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, मिठागरं बसली आणि मी महाप्याच्या एका कारखान्यात वॉचमन झालो. आमच्यात पाय फाटलेले सापडतील, डोळे गेलेले सापडतील. हृदयाचं दुखणं पैसेवाल्यांचं, असं आम्हाला वाटायचं.

पुढच्या वर्षी होळीनंतर एका रविवारी डॉक्टरीणबाई स्वतः गावात आल्या. बरोबर एक कंपाउंडर आणि पेटीएवढं मशीन. त्या ह्या दुखण्याचा शोध घेत होत्या. देशात अशी किती घराणी आहेत, कोणाला गोळी द्यावी, कोणाला न देऊन चालेल, हे अजून कोणाला धड ठाऊक नाही असं त्या म्हणाल्या. त्यांना आमच्या सगळ्या घराण्याचे कागद हवे होते. मी घरात मोठा, म्हणून मशीन माझ्या ओटीवर लागलं. बायकांसाठी आत लुगड्याचा पडदा बांधला. म्हाताऱ्या लाजत होत्या आणि हसत होत्या. एक जण म्हणाली, नवऱ्यानं कधी बघितला नाय तो काळीज ही बाई बघते.

बाईंनी मला समजावून सांगितलं. एक ठोका पडला की हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला क्षणभर वेळ लागतो. केशरसारख्यांना तो वेळ जास्त लागतो. ते तयार व्हायच्या आत घाईचा ठोका आला, म्हणजे पळताना, घाबरताना, की हृदय गोंधळतं. नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढं ढकलत नाही. बहुतेक वेळा ते आपोआप ठिकाणावर येतं आणि माणूस डोळे उघडतो. एखाद्या वेळी येत नाही.

मला ते कळलं. मिठागरात असंच असतं. कोंडीतलं, म्हणजे मिठाच्या वाफ्यातलं, पाणी बसायच्या आत बांधातलं दार, उघाडी, उघडून नवं पाणी घेतलं, तर मीठ धरत नाही, सगळा चिखल होतो.

मी तसं म्हणालो तेव्हा बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "सदूकाका, कागद अर्धंच सांगतो. ज्यांच्यात हे दुखणं आहे त्यांतल्या कित्येकांचा कागद चांगला येतो. उरलेलं अर्धं तुम्ही सांगायचं."

त्यांनी एक मोठा कागद चटईवर पसरला. बाप्यांना चौकोन, बायकांना गोल. लग्नाला आडवी रेघ, पोरांना खाली उभ्या रेघा. जो गेला असेल त्याच्यावर तिरकी काट. मी सांगत गेलो आणि त्या काढत गेल्या. माझे आजोबा, त्यांची पोरं, माझा बाप, आम्ही भावंडं. तापानं कोण गेलं, बाळंतपणात कोण, दारूनं कोण. सगळं सांगितलं.

एक सोडून.

आमच्या गावात एक रीत होती. खाडीनं नेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. तिसऱ्या दिवशी घरातला कर्ता बांधावर जाऊन नारळ सोडतो, तोंडानं ते नाव एकदा उच्चारतो आणि मागं न बघता घरी येतो. त्यानंतर ते नाव बंद. कोणी पोरं किती विचारलं तर तो मोजायचा नाही. श्राद्धाला बोलवायचा नाही. नाव घेतलं की खाडी ओळखीच्या घरी परत येते, असं जुनी माणसं म्हणत. आणि आम्ही खाडीवर जगणारे. तिच्याशी वाकडं कोण घेणार.

मला एक बहीण होती, गोजरा. बापाचा भाऊ बाजीराव, आणि त्याची मुलगी जाई. आणि माझा पहिला मुलगा, मारोती. तो एकाहत्तर साली गेला, अकरा वर्षांचा. माशासारखा पोहायचा. भरतीच्या पाण्यात मित्रांबरोबर पैज लावून उतरला आणि मध्यावर थांबला. त्याच्यामागं आमची मुलगी सगुणा, तीच एक राहिली. तेव्हा ती दोन वर्षांची होती. ती मोठी झाली ते एकुलती एक म्हणून. आपल्याला भाऊ होता हे तिला आम्ही कधी सांगितलं नाही.

सगुणाचा कागद बाईंनी दोनदा काढला. कंपास लावून पुन्हा पुन्हा मोजला. सगुणा चौदा वर्षांची, सातवीतली. शाळेतून आली की मला मुळाक्षरं गिरवायला बसवायची आणि चुकलो की मास्तरांसारखी भुवई वर करायची. तशीच भुवई वर करून ती बाईंच्या हाताकडं बघत होती.

"हा काठावरचा आहे," बाई मला म्हणाल्या. "केशरइतका लांब नाही, पण अगदी चांगलाही नाही. नुसत्या यावरून गोळी देणं मला बरोबर वाटत नाही. गोळीनं नाडी मंद होते, वाढत्या अंगाला थकवा येतो, आणि सुरू केली की जन्मभर. पण घरात कोणी धडधाकट माणूस एकाएकी गेलं असेल तर मी आजच सुरू करते. नीट आठवून सांगा. पळताना, भांडताना? झोपेत? पाण्यात कोणी बुडालं?"

आतल्या दारात चांगुणा, माझी बायको, चहाचे कप घेऊन उभी होती. कप बशीवर वाजले. मी वळून बघितलं. तिचं तोंड उघडं होतं. तिला काय बोलायचं आहे ते मला कळलं आणि मी तिच्याकडं असं बघितलं की तिनं तोंड मिटलं. मग मी बाईंना सांगितलं,

"आमचे घरान कोन बुडत नाय, बाई. आमी खाडीचीच मानसा."

सिताराम बाजूला बसला होता. तोही खाली बघत राहिला. बाईंनी आम्हा दोघांकडं बघितलं, एकदा आतल्या दाराकडं बघितलं, मग कागद गुंडाळला. सगुणाला म्हणाल्या, शर्यतीत पळू नको, सहा महिन्यांनी पुन्हा कागद काढू. केशरला मात्र दिवसातून तीनदा गोळी, पळणं बंद, पोहणं बंद. केशर रडली. सगुणानं तिला चिडवलं, की तू आता राणी झालीस, आम्ही चिंबोऱ्या पकडायच्या आणि तू बांधावर बसून खायच्या.

मी खोटं बोललो असं मला त्या दिवशी वाटलं नाही. सगुणानं शिकवलेल्या अक्षरांत हे लिहिताना लाज वाटते, पण तसं होतं. गोजरा, मारोती यांना मी दुखण्यानं मेलेल्यांत धरतच नव्हतो. त्यांना खाडीनं नेलं होतं. डॉक्टरचा आणि खाडीचा काय संबंध? वर सगुणा तिथंच बसली होती. तिच्यासमोर ते नाव उच्चारलं आणि खाडीनं तिला ओळखलं तर? मी पोरीला जपत होतो.

श्रावणात एकदा अक्षरं गिरवताना सगुणानं मधेच विचारलं, "आबा, मारोती कोन?"

पाटीवरचा माझा हात थांबला. गावातल्या कोणा पोरानं तिला सांगितलं असणार. मी म्हणालो, देऊळ हाय ना वेशीवर, तो मारोती. ती हसली नाही. म्हणाली, डॉक्टरीणबाईंनी बुडलेल्यांचं विचारलं होतं, त्यांना हे सांगायला नको का? मी पाटी ठेवली आणि कामावर जायला उशीर होतो म्हणून उठलो. दोन तास आधी कामावर जाऊन बसलो. मला आणखी एकदा विचारलं गेलं होतं, आणि या वेळी विचारणारी तीच होती.

अश्विनातलं उधाण. दुपारी ओहोटी होती म्हणून पोरी चिखलात चिंबोऱ्या पकडायला गेल्या. सगुणा, शेजारच्या दोघी आणि केशर. केशर बांधावर बसली होती, सगळ्यांची टोपली आणि चपला राखत. परत यायच्या वेळी नाल्यात पाणी भरलं होतं, छातीपर्यंत. ह्या पोरींना त्याचं काही नव्हतं. दर महिन्याला त्या तो नाला पोहून यायच्या, वीस-पंचवीस हातांचं अंतर. अलीकडच्या काठाला कोण पहिली पोचतं म्हणून तिघी एकदम सुटल्या.

पुढचं मला केशरनं सांगितलं. तीच एकटी बघत होती, कारण तीच एकटी पाण्याबाहेर होती. सगुणा पुढं होती. मध्यावर आली आणि थांबली. ओरडली नाही. हात वर केला नाही. वळून बघितलं नाही. आधी केशरला वाटलं, ती दम धरून खाली गेलीय, आता पाय ओढणार. मग शेजारच्या दोघी काठाला लागल्या आणि हसत मागं बघायला लागल्या.

केशर बांधावरून धावत गावाकडं सुटली. तिला धावायला मनाई होती. ती धावली. माणसं येईपर्यंत वेळ झाला होता. मला कामावरून बोलावून आणलं तेव्हा सगुणाला ओटीवर ठेवलं होतं, सात महिन्यांपूर्वी जिथं चटई होती तिथंच. तोंडावर काही नव्हतं. भीती नव्हती, धडपड नव्हती. मारोतीचं तोंड असंच होतं. गोजराचंही असंच होतं, असं माझी आई एकदा, एकदाच, म्हणाली होती.

तेव्हा मला कळलं. कोणी सांगायला लागलं नाही. पोहणारी पोरं होती ती सगळी. पोहणारा माणूस वीस हातांत बुडत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी भावकी जमली. सितारामनं नारळ आणला, त्याला हळद-कुंकू लावलं आणि माझ्या हातात दिला. मी उठलो. चांगुणा दोन दिवस भिंतीला टेकून होती, पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. ती उठली, चार माणसांतून वाट काढत आली आणि माझ्या हातातला नारळ काढून घेतला.

"आदी त्या बाईला सांगून येवा," ती म्हणाली. "सगल्यांची नावा सांगा. मंग काय सोडायचा ता सोडा."

भावकीतला एक म्हातारा म्हणाला, असा करू नये, वाईट असतं. चांगुणा त्याला म्हणाली, याच्याहून वाईट काय असतं ते मला सांग. सितारामनं पायताण घातलं.

आम्ही दोघं भाऊ बस बदलत, वाशीच्या पुलावरून मुंबईला गेलो. इस्पितळात बाई रोगी बघत होत्या. मला बघून उठल्या आणि हसत म्हणाल्या, "सदूकाका, सगुणाला नाही आणलंत?"

मी म्हणालो, तो मोठा कागद काढा.

त्या उभ्याच राहिल्या. मग कपाट उघडून कागद काढला आणि टेबलावर पसरला. मी सांगायला लागलो. माझ्या बापाच्या ओळीत एक चौकोन घाला, बाजीराव, होडीचा दोर धरायला पाण्यात उडी मारली होती, पट्टीचा पोहणारा. त्याच्याखाली गोल घाला, जाई, नऊ वर्षांची. माझ्या ओळीत माझ्या नि सितारामच्या मधे गोल, गोजरा. माझ्याखाली चौकोन, मारोती, अकरा. चौघांवर काट. बाई लिहीत गेल्या. मग मी सगुणाच्या गोलावर बोट ठेवलं आणि म्हणालो, ह्याच्यावर पण.

बाईंनी पेन खाली ठेवलं. बाहेर रोगी ताटकळले होते, नर्स दोनदा डोकावून गेली.

ह्या पाचही काटा एकाच फांदीवर होत्या. अक्षर न येणाऱ्यालाही दिसलं असतं. माझ्या बापाकडून ते आमच्याकडं आलं होतं, माझ्यातून माझ्या दोन्ही पोरांत आणि सितारामातून केशरमध्ये. मला स्वतःला कधी काही झालं नव्हतं आणि माझा कागद चांगला होता. असं होतं, बाई म्हणाल्या, कोणामधून नुसतं पुढं जातं. तुम्ही ते मागून घेतलं नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, "मी आणखी एकदा विचारायला हवं होतं. तुमच्या बायकोला वेगळं विचारायला हवं होतं. मला दिसलं होतं त्यांचं तोंड."

मला त्यांची समजूत घालता आली नाही. मी फक्त एकच विचारलं, "गोळी असती तं वाचली असती?"

"खात्रीनं कोणी सांगू शकत नाही."

"तुमचा काय म्हनना हाय?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. दुसरी कोणी असती तर नशीब म्हणाली असती, देवाची मर्जी म्हणाली असती. त्या म्हणाल्या, "दहांतली आठ मुलं गोळीवर वाचतात. आणि मी तिला पाण्यात जाऊच दिलं नसतं. बहुतेक वाचली असती, काका."

सिताराम तिथंच खाली बसला आणि रडायला लागला. त्याची पोर जिवंत होती म्हणून तो माझ्यासमोर तीन दिवस रडला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात बाई पुन्हा मशीन घेऊन गावात आल्या. ह्या वेळी कोणी काही लपवलं नाही. दुसऱ्या आळीतल्या दोन घरांनीही आपली नावं सांगितली. ती आमच्याच घराण्यातली निघाली. पाच पोरांना गोळी सुरू झाली. त्यांतल्या तिघांचा कागद सगुणासारखाच काठावरचा होता. ती पाचही आज जिवंत आहेत. केशरचं यंदा लग्न ठरलं, आणि मुलाकडच्यांना सितारामनं आधी दुखणं सांगितलं, मग मुलगी दाखवली. हे मला बरं वाटतं. पण बरं वाटणं एका बाजूला असतं आणि ते दुसऱ्या बाजूला जात नाही.

मुंबईहून परतलो त्या संध्याकाळी चांगुणा ओटीवर बसली होती. नारळ तिच्या मांडीवर होता. मी बाजूला बसलो. तिनं विचारलं, बाई काय म्हणाल्या. वाटेत बसमध्ये मी ठरवलं होतं की हे हिला सांगायचं नाही, नशिबाचं काहीतरी सांगायचं. पण तिनं माझ्याकडं बघितलं आणि माझ्याच्यानं झालं नाही. मी सांगितलं, बहुतेक वाचली असती.

ती बराच वेळ नारळावरून हात फिरवत राहिली.

"मी दारातच व्हती," ती म्हणाली.

मी म्हणालो, तुझा काय दोष, मीच तुला डोळ्यानं गप्प बसवलं.

"तुमी बघितला, आन् मी गप बसली. कप तुमचे हातान दिला, च्या पाजली त्या बाईला. आय व्हती मी तिची. तुमी एकदा बघितला तेवढ्यान मी गप बसली."

तिचा हात धरावा म्हणून मी हात पुढं केला. तिनं तो झिडकारला नाही, धरलाही नाही. मग ती हळूहळू मारोतीचं बोलायला लागली. तो कोणत्या वाराला झाला, बोलायला किती उशिरा लागला, सगुणाला खांद्यावर घेऊन बांधावरून कसा मिरवायचा. बारा वर्षं तिनं हे कुठं ठेवलं होतं कोण जाणे. सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती, आणि मला सांगत होती असंही मला वाटलं नाही. मारोतीचं संपलं की ती सगुणाचं सुरू करायची, आणि सगुणाचं सांगता सांगता पुन्हा मारोतीवर यायची. मी ऐकत बसलो. थांब म्हणायचा हक्क मला राहिला नव्हता.